मोफत, मुक्त आणि बाबांची सीडी

गणपतीत सांगलीला गेलो होतो तेव्हा काकूने विचारलं, "अरे, तुझ्या बाबांनी ते लिहिलं होतं ना गावभागाचं, त्याचं काय झालं? मला परत वाचायचंय. आता डोळे आहेत तोवर."

मी म्हटलं, आहे ना, सीडीवर आहे. काढतो.

हे "आहे ना" म्हणायला मला दोन सेकंद लागले आणि ते खरं करायला साडेतीन महिने. त्यातून जे काही डोक्यात आलं ते इथे लिहून ठेवतोय. नातेवाईक मंडळींनी मधला तांत्रिक भाग गाळून थेट शेवटी गेलात तरी चालेल, तिथे तुमच्याकडे एक काम आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण इथे येणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक नाही. बाबा निवृत्त झाल्यावर लिहायला बसले. आत्मचरित्र वगैरे नाही, त्यांना त्या शब्दाचीच लाज वाटायची. गावभागातली माणसं, घाट, हरिपूरची हळदीची पेवं, ६७ सालच्या भूकंपाच्या पहाटे सगळी गल्ली रस्त्यावर कशी आली होती, असं. २००२ मध्ये त्यांनी एका डीटीपीवाल्याकडून जुनं मशीन घेतलं आणि त्याच्याकडेच बसून मराठी टायपिंग शिकले. वय वर्षं बासष्ट. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं होतं हे मुद्दाम सांगतो. त्याच्याबरोबर डॉंगल आलं होतं, काडेपेटीएवढं. ते मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खुपसलं नाही तर मराठी उमटायचंच नाही. बाबा त्याला "कुलूप" म्हणायचे आणि गावाला जाताना काढून कपाटात ठेवायचे.

दोन वर्षांत चौदा प्रकरणं झाली. दोन प्रती काढून स्पायरल बाइंडिंग केलं. एक आमच्याकडे, एक काकूकडे, त्याच वाड्यात तळमजल्यावर. २००५ चा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं याची बाबांनी भिंतीवर खूण केली आणि तिच्यावर हातभर अंतर सोडून फळी ठोकली. महत्त्वाचे कागद त्या फळीवर. बाबा २०११ मध्ये गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी २००५ च्या खुणेच्या वर गेलं, आणि फळीच्याही. काकूच्या प्रतीचा लगदा झाला. आमच्या प्रतीतली अकरा पानं सुटी करून वाळवता आली. बाकीची एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

सीडी माळ्यावर होती म्हणून वाचली.

तर, ती सीडी. वरच्या मजल्यावर सीडी ड्राइव्ह शोधण्यात एक रविवार गेला तो सोडून देतो. चौदा फाइलींपैकी तेरा वाचल्या गेल्या. नववं प्रकरण नाही. फायली पेजमेकरच्या. पेजमेकर आता कोण वापरतं? पण लिबर ऑफिसमध्ये ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पेजमेकरच्या फायली उघडायची सोय आहे. 'डॉक्युमेंट लिबरेशन' नावाचा एक प्रकल्प २०१४ मध्ये जाहीर झाला. बंद पडलेल्या, कागदपत्रं नसलेल्या फाइल-प्रकारांचं कोडं सोडवायचं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं हे त्यांचं काम. त्यांचीच ही देणगी. फाइल उघडली. पानांची मांडणी विस्कटलेली होती, पण मजकूर आला.

मजकूर म्हणजे काय आलं? इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, उलटं प्रश्नचिन्ह, डोक्यावर दोन टिंबं असलेला यू, कंस, स्वल्पविराम. पानंच्या पानं.

ज्यांनी २००० च्या दशकात मराठीत काही टाइप केलंय त्यांना हे कोडं माहीत आहे. नव्या मंडळींसाठी सांगतो. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर साठवलेलंच नसायचं. साठवलेलं असायचं एखादं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या घरात 'क'चं चित्र बसवलेलं. संगणकाच्या लेखी बाबांनी दोन वर्षं निरर्थक इंग्रजी बडवलं. त्याला मराठी दिसायला लावणारी एकच गोष्ट, तो फॉन्ट. आणि फॉन्ट सीडीवर नव्हता. तो मशीनवर होता, मशीन २०१२ मध्ये मीच भंगारात दिलं. (ताई तेव्हा म्हणाली होती, जरा बघून दे. असो.)

मग त्याच फॉन्टची दुसरी प्रत मिळवू, इतकं सोपं वाटलं. एका ओळखीच्या छापखान्यात त्याच कंपनीचा पुढच्या आवृत्तीचा फॉन्ट निघाला. लावला. "कृष्णेचं पाणी" च्या जागी भलतीच जोडाक्षरं. आवृत्ती बदलताना घरांची अदलाबदल केलेली. त्या छापखान्याच्या मालकाकडे जुन्या आवृत्तीचं डॉंगलसुद्धा होतं, ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावून. ते खुपसायला पोर्ट असलेलं मशीन मात्र त्याच्याकडेही नाही. दोघं थोडा वेळ त्या डॉंगलकडे बघत बसलो, मग त्याने चहा मागवला.

आता माझा धंदा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी प्रोग्रॅमर नाही. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी डिझाइन करतो. बटण कुठे असावं, सूचना कुठल्या शब्दांत यावी, यादी किती लांब असावी. नातेवाइकांत याला "कंप्युटरमध्ये आहे" म्हणतात आणि ते पुरेसं आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये डिझायनर कमी असतात आणि जे असतात त्यांना अर्धा वेळ "हे का बदलायचं" याची उत्तरं देण्यात घालवावा लागतो, त्यामुळे माझा युक्तिवाद करायचा सराव चांगला आहे. कोड लिहायचा नाही.

मला वाचवलं ते मल्याळी लोकांनी. त्यांच्याकडेही हाच घोळ झाला होता, आणि 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग'च्या मंडळींनी 'पय्यन्स' नावाचं एक रूपांतर करणारं साधन केलंय. त्यात मला फार आवडलेली गोष्ट अशी की प्रोग्रॅम वेगळा आणि नकाशा वेगळा. नकाशा म्हणजे साधी मजकुराची फाइल: या चिन्हाच्या जागी हे अक्षर, त्या चिन्हाच्या जागी ते. नवीन फॉन्ट आला की फक्त नवीन नकाशा लिहायचा. म्हणजे ज्याला अक्षर कळतं पण कोड कळत नाही अशा माणसालाही कामाला लागता येतं. मी ते साधन जसंच्या तसं वापरलं नाही, मराठीच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत, पण युक्ती उचलली. चित्रं काढणाऱ्यापेक्षा चांगलं डिझाइन कधीकधी प्रोग्रॅमर करतात ते असं.

नकाशा कशावरून करायचा? त्या अकरा पानांवरून. एका बाजूला वाळून पापड झालेलं पान, एका बाजूला स्क्रीनवरची चिन्हं. पहिला शब्द, पहिली चिन्हं. दुसरा शब्द. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर. बायको म्हणाली, गुप्तहेर झालास.

सगळी चिन्हं ओळखली की काम झालं असं मला वाटत होतं. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. बाबा टाइप करायचे ते जसं दिसतं त्या क्रमाने, टाइपरायटरसारखं. युनिकोडमध्ये अक्षर साठवतात ते उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. त्यामुळे ती उचलून पुढे न्यावी लागते. एक घर पुढे नेली की 'किती' बरोबर येतं, पण 'स्थिती'चं 'सि्थती' होतं, कारण तिथे वेलांटीने अख्खं जोडाक्षर ओलांडायला हवं. रफाराचं उलट. तो दिसतो शेवटी, साठवायचा आधी. एकच घर मागे नेला की 'मूर्ती'ची 'मूतर्ी' होते आणि 'वर्षे'ची 'वषेर्'. वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्या नेटवर वाचताना अशी रूपं दिसायची आणि मी हसायचो. आता हसत नाही. कोणीतरी रात्री जेवून बसून ते रूपांतर केलं असणार आणि एक नियम राहिला असणार.

त्यात आपला ऱ्य. बाबांच्या फॉन्टमध्ये त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या 'र'ला स्वतंत्र घर होतं. मी त्याला घाईत रफार समजलो. त्यामुळे प्रकरण चारमध्ये सह्याद्रीच्या दर्यांतून वाट काढत माणसं कोकणात उतरायला लागली, आणि मुंजीत आचार्याला बोलावून दोनशे पानांचा स्वयंपाक करून घेतला गेला. आजोबांना हे चाललं नसतं. आचारी वेगळा, आचार्य वेगळा. :-) हे दुरुस्त करताना कळलं की युनिकोडमध्ये हा ऱ्य दोन पद्धतींनी लिहिता येतो. दिसायला एकच, साठवलेलं वेगळं. एका पद्धतीने लिहिलेलं 'दुसऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधायला गेलं तर शोधणारा प्रोग्रॅम ते सापडत नाही म्हणू शकतो. तेव्हा युनिकोड आलं म्हणजे स्वर्ग आला असं माझं म्हणणं नाही. पण युनिकोड कसं चालतं ते लिहिलेलं आहे, कोणालाही वाचता येतं, त्यामुळे दुरुस्ती करता येते. त्या फॉन्टचा नकाशा कुठेच लिहिलेला नव्हता. तो मला पुरात भिजलेल्या कागदांवरून काढावा लागला.

आणि आता मत.

इंग्रजीत फुकट आणि स्वतंत्र या दोन्हींना एकच शब्द आहे, आणि त्यामुळे तिकडच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं निम्मं आयुष्य "आम्हाला पैशाचं म्हणायचं नाही" हे समजावण्यात गेलं. आपल्याकडे मोफत आणि मुक्त हे दोन सरळ वेगळे शब्द आहेत. तरीही मी गेली कित्येक वर्षं लोकांना आमचं सॉफ्टवेअर सांगताना "मोफत आहे, घ्या की" असंच सांगत आलो. लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, शाळेत. कारण ते पटकन पटतं. आणि समोरचा म्हणतो, माझ्याकडे ते दुसरंपण फुकटच आहे, मित्राने टाकून दिलंय. तिथे संवाद संपतो.

बाबांचं सॉफ्टवेअर मोफत नव्हतं, चोरीचंही नव्हतं. त्यांनी पैसे मोजले, पावती जपून ठेवली. प्रश्न पैशाचा कधी नव्हताच. प्रश्न असा की त्यांनी स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या बापाबद्दल लिहिलेलं, वाचायला दुसऱ्याची किल्ली लागत होती आणि त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या काडेपेटीला कुलूप म्हणायचे ते गमतीने. सॉफ्टवेअरला कुलूप असायला माझी हरकत नाही. ते बनवणाऱ्याने पोट भरायला लावलंय. पण मजकुराला का?

त्या कंपन्यांना शिव्या घालायची मात्र माझी तयारी नाही. एक तर तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होती, आपल्या इस्कीवरून घेतलेली. पण विंडोजमध्ये देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. एक्सपीवर तर सीडी घालून वेगळी सोय चढवावी लागायची, आठवतंय ना? पेजमेकरला युनिकोड कधी जमलंच नाही. मधल्या काळात दिवाळी अंक निघाले, पाठ्यपुस्तकं निघाली, लग्नपत्रिका छापल्या गेल्या, त्या या फॉन्टवरच. अक्षरंही काही काही फार देखणी होती. ती काढणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. फक्त, इस्कीचं भारतीय मानक १९९१ मध्ये छापील होऊन हातात असताना "आमच्या फॉन्टमधून प्रमाणित मजकूर बाहेर काढा" असं एक बटण प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं. एक बटण. बटणांचा धंदा करतो म्हणून म्हणतोय.

आणि आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवलेत.

तीनेक वर्षांपूर्वी मी काम करतो त्या एका प्रकल्पात चर्चा झाली होती. फाइल उघडायच्या खिडकीत फाइल-प्रकारांची यादी फार लांब झाली होती, खाली सरकवत राहावं लागायचं. त्यात कोणी ऐकलीही नसतील अशी नावं. मी मांडलं की यातले निम्मे प्रकार कोणी वापरत नाही, सांभाळायला त्रास होतो, नव्या माणसाला गोंधळायला होतं, काढून टाका. स्वच्छ दिसेल. चांगला लांबलचक मुद्देसूद मजकूर लिहिला होता मी, चित्रांसकट. एका जुन्या प्रोग्रॅमरने उत्तर दिलं की ज्याला ते लागतं त्याला दुसरं काहीच चालत नाही. मला तेव्हा ते उत्तर हट्टी वाटलं. यादी काढली गेली नाही, नुसती दुमडून ठेवली गेली, आणि मी थोडा नाराज झालो होतो.

वापरणाऱ्यांची संख्या मोजून ठरवायचं, ही आमच्या धंद्यातली सवय आहे. दहा हजारांतल्या किती जणांनी हे बटण दाबलं? पेजमेकरची फाइल उघडणारा माणूस वर्षातून एकदा येतो. बहुधा आयुष्यातून एकदाच. त्याच्या हातात सीडी असते आणि घरी कोणीतरी विचारलेलं असतं. ती संख्या तक्त्यात दिसत नाही, शून्यासारखीच दिसते. माझं हे मत त्या प्रकल्पात मी आता मांडलंय, जुन्या मजकुराखालीच, आणि आधीचं माझं मत चुकलं होतं असंही लिहिलंय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. देतील.

आणखी एक. जुना फॉन्ट नसला की बहुतेक प्रोग्रॅम गुपचूप दुसरा फॉन्ट लावून मोकळे होतात. एखाद्या कोपऱ्यात फॉन्टचं नाव तिरकं दिसतं, एवढाच इशारा. इंग्रजीत त्याने फारसं बिघडत नाही, अक्षराचं वळण बदलतं इतकंच. आपल्याकडे अख्खा मजकूर जातो आणि समोरच्याला वाटतं फाइल खराब झाली. किती जणांनी अशा फायली खराब समजून पुसल्या असतील! तिथे एक ओळ हवी: फाइल ठीक आहे, फॉन्ट नाही. हे काम मी घेतलंय. मराठी वाक्यही मीच लिहितोय. "लिपीसंच अनुपलब्ध" असलं काही काकूला दाखवणार नाही.

ज्यांच्याकडे घरी अशा सीड्या, जुने पेन ड्राइव्ह, कोणाचे तरी लेख, संस्थेची इतिवृत्तं, कुलवृत्तान्त पडलेले आहेत त्यांना माझी विनंती आहे. फाइल आहे म्हणजे मजकूर आहे असं समजू नका. आज उघडून बघा. त्या फाइलीबरोबर त्याचा फॉन्टही कुठेतरी ठेवा. एखादं पान छापून दुसऱ्या गावी ठेवा, नदीपासून लांब. रूपांतर करून युनिकोडमध्ये घ्या, साध्या मजकुराच्या फाइलीत. नुसती पीडीएफ करून ठेवली तर छापता येईल, पण आत जुन्या फॉन्टचीच चिन्हं राहिली तर त्यातलं एक वाक्य उचलून कोणाला पाठवता येणार नाही. आणि मी केलेला नकाशा हवा असेल तर सांगा, तो मुक्त आहे. मोफतही आहे, पण ते नंतर.

काकूला तेरा प्रकरणं मोठ्या अक्षरात छापून नेऊन दिली, मागच्या महिन्यात. तिने पेवांचं प्रकरण आधी काढलं. त्यात बाबांनी लिहिलंय की पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरणार. काकू म्हणाली, कंदील नव्हता, चिमणी होती, तुझे बाबा शहरातले झाले होते. मी ते समासात लिहून घेतलं. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली, हळद कुजली. बाबांनी लिहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी. तिने तीन तास एकटीने वाचलं आणि मला चहा विचारायची विसरली, हे काकूच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं असेल.

तर काम असं. नकाशात एक घर अजून रिकामं आहे. ते चिन्ह सगळ्या तेरा प्रकरणांत फक्त चार वेळा येतं, चारही वेळा एकाच शब्दात, आणि वाळवलेल्या अकरा पानांत तो शब्द नाही. पेवात पहिला उतरणारा जो माणूस होता त्याचं नाव. पुढचं '-आप्पा' स्पष्ट आहे, आधीचं अक्षर कळत नाही. न्हाप्पा? ल्हाप्पा? म्हाप्पा? काहीतरी 'ह' जोडलेलं असावं असा माझा अंदाज, कारण आसपासच्या घरांत तीच अक्षरं आहेत. काकूला तो माणूस आठवतो, उंच होता, हळदीने पायाचे तळवे कायम पिवळे; नाव आठवत नाही. तात्यांच्या हुन्नरगीच्या मंडळींपैकी, किंवा हरिपूरच्या आत्यांकडे कोणाला ते ठाऊक असेल तर कळवा. तोपर्यंत छापील प्रतीत तिथे मी रिकामा चौकोन ठेवलाय.